बंदूक खाली का ठेवली जाते?

कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे जाताना डाव्या-उजव्या हाताला जे जंगल दिसते, त्याला सरकारदरबारी गौताळा औट्रमघाट अभयारण्य म्हणतात. 1986 साली ते जाहीर झाले. क्षेत्र सुमारे 260 चौरस किलोमीटर, थोडे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, थोडे जळगावात. इथे आज ससा मारला तरी गुन्हा दाखल होतो. आणि ज्याच्या नावाने हा घाट ओळखला जातो तो जेम्स औट्रम 1825 ते 1835 या काळात खानदेशात भिल्लांची पलटण बांधत होता आणि उरल्या वेळात वाघ मारत होता. त्याच्या चरित्रकारांनी ठेवलेल्या हिशेबात त्या दहा वर्षांतल्या वाघांचा आकडा दीडशेच्या वर जातो. तेव्हा तो विशी-तिशीतला गडी होता.

हाच औट्रम चाळिशीत सिंधच्या प्रकरणात आपल्याच सरकारवर उलटला. सिंध गिळंकृत करणे अन्यायाचे आहे असे त्याचे मत होते, म्हणून लुटीतला आपला वाटा त्याने धर्मादाय कामांना देऊन टाकला. म्हणजे वयाबरोबर विवेक जागा झाला. पण तो माणसांच्या राज्यापुरता. वाघांबद्दल त्याने काही मागे घेतल्याचा दाखला माझ्या वाचनात नाही. शिकारी माणूस वयाप्रमाणे मवाळ होतो, ही समजूत आपल्याकडे सर्रास आहे. तरुणपणी हौस, प्रौढपणी कंटाळा, म्हातारपणी पश्चात्ताप, असा तिचा साचा. औट्रम त्या साच्यात बसत नाही. बाकीचे किती बसतात, ते पाहायला हवे.

साचा नुसता लोकसमजुतीचाही नाही. अमेरिकेत 1975 ते 1980 दरम्यान विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या रॉबर्ट जॅक्सन आणि रॉबर्ट नॉर्टन या दोन प्राध्यापकांनी हजारावर शिकाऱ्यांशी बोलून त्याला शास्त्राचे रूप दिले. त्यांच्या मते शिकारी पाच अवस्थांतून जातो. आधी नुसता बार काढण्याचा आनंद. मग परवान्यात जितकी जनावरे मारायची मुभा तितकी मारून कोटा पुरा करण्याची ईर्षा. मग मोठ्या शिंगांचे, भिंतीवर लावण्याजोगे सावज निवडून मारणे. चौथ्या अवस्थेत जनावरापेक्षा पद्धत महत्त्वाची होते; दुर्बिणीची रायफल बाजूला पडते, धनुष्यबाण येतो. आणि शेवटी असा माणूस उरतो, ज्याला रानात जायला मिळाले, मित्र भेटले, की सावज मिळाले नाही तरी चालते. अमेरिकेतल्या शिकारी-प्रशिक्षणाच्या पुस्तकांत ही पायरी-पायरीची मांडणी आजही शिकवली जाते.

मांडणी सुबक आहे, आणि मला तिच्या सुबकपणाचाच संशय येतो. त्याच सुमारास स्टीफन केलर्ट या संशोधकाने शिकाऱ्यांची वयाऐवजी हेतूवर वर्गवारी केली होती. 1978 मध्ये आलेल्या त्याच्या पाहणीत मांसासाठी शिकार करणारे सुमारे 44 टक्के निघाले, मर्दुमकी आणि खेळासाठी करणारे 38-39 टक्के आणि रानाच्या ओढीने जाणारे जेमतेम 17-18 टक्के. गंमत अशी की रानाच्या ओढीने जाणाऱ्या या शेवटच्या गटात तरुण आणि शिकलेले लोक जास्त होते. जी वृत्ती जॅक्सन-नॉर्टन यांच्या शिडीवर सर्वांत वरच्या पायरीवर बसते, ती केलर्टला पोरसवदा लोकांत सापडली. मग वय काय करते? की वय फक्त दिसते, आणि बदल घडवणारे दुसरेच काही असते?

या प्रश्नाला आपल्या भागात फार जुनी उदाहरणे आहेत. सर्वांत ठसठशीत उदाहरण आहे ते आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, संस्थापकाच्या शत्रूचे. मलिक अंबरने 1610 मध्ये हे शहर, म्हणजे तेव्हाची खडकी, वसवली. पुढे 1616 मध्ये जहांगीरच्या फौजेने ती जाळून उद्ध्वस्त केली. जहांगीरला मलिक अंबर कधी हाती लागला नाही. म्हणून त्याने चितारी अबुल हसनकडून एक चित्र काढून घेतले. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्याच्या टोकावर खोवलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. ते चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. प्रत्यक्षात न मिळालेली शिकार कागदावर करणारा हा माणूस त्याच काळात आपल्या खऱ्या शिकारीचा हिशेब मांडायला बसला होता. वयाच्या बाराव्या वर्षापासूनची मोजदाद त्याने कारकुनांकडून करून घेतली आणि आत्मचरित्रात नोंदवली: त्याच्यासमोर धरली-मारली गेलेली जनावरे 28,532, त्यांपैकी त्याने स्वतःच्या हाताने मारलेली 17,167. त्यांत वाघ-सिंह 86.

जहांगीर तेव्हा पन्नाशीला टेकत होता, आणि हिशेब अशाच वेळी मांडला जातो. त्याने नवस बोलला होता, की पन्नाशी उलटल्यावर बंदुकीने शिकार करणार नाही, स्वतःच्या हाताने जीव घेणार नाही. लाडका नातू शुजा जिवावरच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला, तेव्हा हा नवस त्याला पुन्हा आठवला आणि त्याने तो पाळायला घेतला. इथपर्यंत कथा अगदी साच्यातली आहे. पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. नवस टिकला नाही. 1627 च्या शरद ऋतूत, काश्मीरहून परतताना, खंगलेला बादशहा बैरामकल्ला इथे बसल्या जागेवरून हरणावर बंदूक चालवत होता. जखमी हरणामागे गेलेला एक प्यादा कड्यावरून कोसळून मेला. त्याने बादशहाचे मन इतके विस्कटले की त्याला झोप लागेना, आणि थोड्याच दिवसांत तो स्वतः गेला. त्याला हलवले ते माणसाच्या मरणाने. 17 हजारांचा आकडा त्याने शांतपणे लिहून ठेवला होता.

त्याच्या नातवाची, औरंगजेबाची गोष्ट याहून कोरडी. खुलताबादला ज्याची साधी, उघड्यावरची कबर आहे, तो औरंगजेब गादीवर आल्यानंतर रोह्यांची शिकार करताना चित्रांत दिसतो. उतारवयातल्या त्याच्या पत्रांत मात्र शिकार हा रिकामटेकड्यांचा उद्योग ठरतो. पण त्यात जनावराची कणव शोधू नये. त्याला खटकत होते ते वाया जाणारा वेळ आणि धर्मकार्याकडे होणारे दुर्लक्ष. शिकार सुटते तेव्हा दया आलेलीच असते असे नाही. कधी पारलौकिकाची चिंता लागते, कधी कामे वाढतात, कधी गुडघे बोलतात.

गुडघ्यांचा मुद्दा थट्टेवारी नेण्यासारखा नाही. 2020 मध्ये जगभरातल्या 40 ठिकाणच्या शिकारी समाजांच्या नोंदी एकत्र करून मानवशास्त्रज्ञांनी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शिकारीचे कौशल्य सरासरी तेहतिशीच्या आसपास कळसाला पोचते आणि मग फार हळू उतरते असे दिसले. अंगातली ताकद त्याच्या बरीच आधी कमी होऊ लागते. म्हणजे पंचेचाळिशी-पन्नाशीचा शिकारी हा संपलेला माणूस नसतो. माग, वारा, जनावराची खोड त्याला तरुणाहून चांगली कळत असते. म्हणून त्या वयात कोणी बंदूक ठेवली, तर ती केवळ थकव्याने ठेवली असे म्हणून भागत नाही.

पण वयाऐवजी दुसरे काय? पैठणने याचे एक उत्तर दोन हजार वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. सातवाहन राजा हालाच्या नावे असलेल्या गाथासप्तशतीत व्याधांच्या, म्हणजे पारध्यांच्या घरच्या बऱ्याच गाथा आहेत. त्यांत एका घरी व्यापारी हस्तिदंत आणि वाघाची कातडी मागायला येतो, तर म्हातारा त्याला सांगतो की घरात सून आल्यापासून तो माल मिळत नाही. दुसऱ्या गाथांत नवविवाहित पोराला बापाचे जड धनुष्य पेलत नाही म्हणून ते तासून हलके करावे लागते, आणि घरातली वडीलधारी मंडळी जीव जाळत बसतात. आणखी एका गाथेत हरिण-हरिणी एकमेकांना वाचवायला बाणापुढे येतात, ते पाहून व्याधाला स्वतःची बायको आठवते आणि तो धनुष्य खाली घेतो. यातला बदललेला कोणीही म्हातारा नाही. उलट म्हातारा जो आहे, तोच धंदा बसला म्हणून कुरकुरतो आहे. शिकाऱ्याचे मन बदलण्याचे वय म्हणजे म्हातारपण, हे या गाथांना मान्य नाही. बदल होतो तो दुसऱ्या जिवाशी नाते जुळते तेव्हा.

निजामी अंमलात आल्यावर या प्रश्नाचा पोत पार बदलतो. तेव्हा शिकार म्हणजे दरबार. हाका घालायला गावेच्या गावे वेठीला, मचाणाखाली बांधायला हेला गावातलाच, आणि वाघ साहेबाचा किंवा नवाबाचा. 28 एप्रिल 1819 रोजी मद्रास घोडदळाचा जॉन स्मिथ वाघाच्या मागावरच वाघूर नदीच्या दरीवर आला आणि त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. दहाव्या लेण्यात त्याने चित्रावर कोरलेले नाव आजही आहे. पुढे अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात ज्याची उभी हयात गेली, तो मेजर रॉबर्ट गिलही नावाजलेला वाघमाऱ्या होता. सकाळी बोधिसत्त्वाच्या डोळ्यातली करुणा रंगात उतरवायची आणि सवड मिळाली की बंदूक घ्यायची, यात त्याला विसंगती वाटली नसावी. आपल्याला ती आज वाटते, एवढेच.

हा दरबार कोणाच्या मनःपरिवर्तनाने मोडला नाही. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई झाली, पुढच्या वर्षी जहागिऱ्या गेल्या आणि शिकारखाने पोसणारे घरच उरले नाही. त्यानंतर वीस-बावीस वर्षे जीप, टॉर्च आणि परवाना हाती असलेल्या नव्या मंडळींची गेली. रान सर्वाधिक रिकामे झाले ते या काळात, असे जुने वनकर्मचारी सांगत आले आहेत. मग 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. मराठवाड्यात त्याच वर्षी भीषण दुष्काळ होता. माणसे खडी फोडायला रोजगार हमीच्या कामांवर आणि रानातले पाणवठे आटलेले. ज्यांनी त्या साली बंदूक ठेवली, त्यांच्यापैकी किती जणांनी कायद्याने ठेवली, किती जणांनी सावजच उरले नाही म्हणून, आणि किती जणांनी मनापासून, हे वेगळे काढता येत नाही. पुढे मात्र सगळ्यांनीच सांगितले की मनापासून. माणसाचा हा स्वभावच आहे. जे करणे भाग पडले, ते वीस वर्षांनी आपण निवडले होते असे वाटू लागते.

मराठीत मनापासून बदललेल्या शिकाऱ्यांचे दोन ठळक दाखले आहेत. व्यंकटेश माडगूळकर माणदेशातल्या रानात बंदूक घेऊन वाढले. पन्नाशीत हातात वही आणि दुर्बीण घेऊन नागझिऱ्यात जाऊन राहिले, आणि वानरांच्या टोळ्यांचे राजकारण मांडणारे ‘सत्तांतर’ 1982 मध्ये लिहून गेले. दुसरे नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार. ऐन उमेदीत त्यांचे शिकारीत नाव होते. 1975 मध्ये झालेल्या नवेगाव राष्ट्रीय उद्यानाच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता, आणि मारुती चितमपल्लींच्या लेखनातून ते मराठी वाचकाला माहीत झाले. दोघांचेही शिकारीपण गेले नाही, ते दुसऱ्या कामाला लागले. माग काढणे, तासन्‌तास न हलता बसणे, जनावराच्या डोक्याने विचार करणे, हे सारे तसेच राहिले. फक्त शेवटचा बार गळाला. जिम कॉर्बेटचेही तेच. 1920 च्या दशकात त्याने कॅमेरा घेतला, तरी 1938 मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, ठाकच्या नरभक्षक वाघिणीवर बंदूक चालवायला तो गेलाच. त्याने बंदूक टाकली नाही, ती कोणावर उचलायची ते बदलले.

मात्र अशा दाखल्यांवरून नियम काढू नये. पश्चात्ताप झालेले लोक पुस्तके लिहितात, न झालेले लिहीत नाहीत. म्हणून पुस्तके वाचून पश्चात्तापाचे प्रमाण फुगलेले दिसते. सरगुजाच्या महाराजांनी अकराशेहून अधिक वाघ मारले आणि उतारवयातही त्यांना तो अभिमानाचाच आकडा वाटत होता. आणि आपल्या शहरात दिल्ली दरवाजाजवळच्या सरोवराला ज्यांचे नाव आहे ते डॉ. सालिम अली तर साच्यात अजिबात बसत नाहीत. लहानपणी एअरगनने मारलेल्या एका पिवळ्या कंठाच्या चिमणीपासून त्यांची पक्षिविद्या सुरू झाली. 1931-32 मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांचे सर्वेक्षण केले तेही नमुने मारून, कातडी भरून. तेव्हा औरंगाबाद त्याच संस्थानात होते. अभ्यासासाठी पक्षी मारण्याबद्दल त्यांनी म्हातारपणीही खंत केली नाही. हळवेपणाने पक्षी वाचत नाहीत, त्यांचे अधिवास राखल्याने वाचतात, हे त्यांचे मत शेवटपर्यंत कायम होते. सरोवराकाठी फोटो काढायला येणाऱ्या हौशी मंडळींपैकी काहींना हे ऐकून धक्का बसतो. बसू दे.

गाथांतले व्याध सोडले, तर आतापर्यंत ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यात एक गोष्ट समान आहे: शिकार सोडली तरी त्यांच्या घरची चूल पेटत होती. विस्कॉन्सिनच्या शिडीचा खरा दोष हाच आहे. ती सुटीच्या दिवशी रानात जाणाऱ्यांसाठी आहे. मराठवाड्यातल्या आणि वऱ्हाडातल्या फासेपारध्याला ती लागूच पडत नाही. फासे लावून तितर, लावे, ससे, पूर्वी हरणेही धरणारा, सावजाजवळ जायला शिकवलेल्या गाईची आड घेणारा हा समाज. त्याच्यासाठी शिकार ही वयाची हौस नव्हती, घरातले पोर चालायला लागले की शिकायची विद्या होती आणि म्हाताऱ्याने पोराच्या हाती सोपवायची होती. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्याला जन्मतः गुन्हेगार ठरवले. 1952 मध्ये ती नोंद पुसली. 1972 च्या कायद्याने त्याचा धंदा पुन्हा गुन्हा केला. पोलीस आणि वनखाते यांच्या मधोमध उभ्या असलेल्या या माणसाला तुझे शिकारीविषयीचे विचार वयाप्रमाणे कसे बदलले, हे विचारणे म्हणजे क्रूर चेष्टा आहे.

आणि तरी संयमाचे सर्वांत जुने नियम याच समाजात सापडतात. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी नोंदवले आहे की फाशात गाभण मादी किंवा पाडस अडकले तर ते सोडून देण्याची फासेपारध्यांची परंपरा होती. हा नियम पंचविशीतल्या पारध्यालाही लागू होता. त्याला पाचव्या पायरीची वाट पाहावी लागत नव्हती. वाशीम-अकोला भागात ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारध्यांनाच हाताशी धरून माळरान आणि तणमोर राखण्याचे काम केले, ते याच ज्ञानाच्या भरवशावर. व्यक्तीच्या वयापेक्षा समाजाची रीत अधिक भरवशाची असते, असे मला वाटते ते यामुळे.

आता उलट दिशेचा प्रवास. कन्नड, सोयगाव, वैजापूर, फुलंब्रीच्या शेतकऱ्यांशी बोला. मका आणि हरभऱ्यात रोही उतरतात, रानडुकरे एका रात्रीत भुईमुगाचा वावर नांगरून टाकतात. ज्या घरात आजोबाने चाळीस वर्षांपूर्वी ठासणीची बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली, त्या घरातला नातू आज परवाना मिळेल का म्हणून चौकशी करतो. पीक खाणारे रोही आणि रानडुक्कर मारायला वनखात्याच्या परवानगीने वाट आहे. पण अर्ज, पंचनामा, परवानाधारक बंदूकवाला शोधणे, एवढे होईतो पीक संपलेले असते. नोव्हेंबर 2020 मध्ये पैठण तालुक्यात बिबट्याने बाप-लेकाचा जीव घेतला, तेव्हा बंदूक घेऊन येणाऱ्यांची वाट पाहणारे सगळ्या वयांचे लोक होते. डिसेंबरात करमाळा तालुक्यात एक बिबट्या गोळी घालून मारला गेला आणि गावांनी सुटकेचा श्वास सोडला. वाढत्या वयाने शिकारीचा विरोधक होण्याऐवजी माणूस तिचा समर्थक होतो, हे शेतकऱ्याच्या बाबतीत रोज घडते आहे. त्याला क्रौर्य म्हणणाऱ्याने एकदा रात्रीच्या राखणीला बसावे.

तेव्हा एवढे म्हणता येते: वयाने शिकाऱ्याचा हात सुटतो कमी, त्याला सोडण्याचे कारण सापडते जास्त. कारण कधी नातू असतो, कधी सून, कधी कायदा, कधी कॅमेरा, कधी रिकामे रान. ज्याचे पोट शिकारीवर नाही त्याला हे कारण स्वस्तात मिळते. ज्याचे आहे त्याला पर्यायी चूल दिल्याशिवाय वयाचा उपदेश करू नये.

मार्च 2021 मध्ये गौताळ्याच्या कॅमेऱ्यात एक वाघ उमटला. यवतमाळच्या टिपेश्वरहून तीनशेवर किलोमीटर तुडवत तो आला होता, कित्येक दशकांनंतर. तो आला तेव्हा त्याचा माग वाचू शकणारी, पाणवठ्यावरचा ठसा नराचा की मादीचा हे बोटाने मोजून सांगणारी माणसे या पट्ट्यात थोडीच उरली होती. 1972 मध्ये जो वीस वर्षांचा होता, त्याने आता सत्तरी ओलांडली आहे. कन्नड-सोयगावच्या गावांत, पारध्यांच्या तांड्यावर, जुन्या जहागीरदार घरांत अशी काही माणसे अजून आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातल्या इतिहासाच्या आणि प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे जावे. पश्चात्ताप झाला का, हे विचारू नये. कुठले जनावर कुठल्या साली कुठे दिसायचे, शेवटचे कधी दिसले, आणि तुम्ही का थांबलात, एवढे तीन प्रश्न पुरेत.